सासूबाईंच्या कपाळावरचं कुंकू

तो फोटो मी काढला होता. रहाटणीतल्या आमच्या गच्चीवर सासूबाई पापड वाळत घालत होत्या. हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी हाक मारली, त्यांनी मान वर केली आणि तेवढ्यात मी बटण दाबलं.

रविवारी नणंद माहेरी आली. ती जाहिरातींच्या ऑफिसात काम करते. फोटो लॅपटॉपवर घेऊन तिनं बघता बघता काळा-पांढरा करून टाकला. सासूबाईंची सुरकुती न् सुरकुती जिवंत झाली. तिनं तो घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलंही, ‘फोटो वहिनीनं काढलाय’. ते कुणी वाचलंच नाही. सगळ्यांचं एकच, “पोरीच्या हातात जादू आहे!” माझा नुसता जळफळाट झाला. तिनं माझं नाव लिहिलं होतं, त्यामुळे तिच्यावर रागावताही येईना.

“कसा केलास गं?” मी सहज विचारल्यासारखं केलं.

“सोपं आहे, वहिनी. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. एकटा थर काळा-पांढराच दिसतो. मी फक्त हिरवा ठेवला.”

दुसऱ्या दिवशी चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आले ती थेट कॉम्प्युटरपुढे बसले. हिरवा तिचा, म्हणून मी लाल घेतला. चेहरा एकदम उजळला, सुरकुत्या पुसल्या गेल्या, सासूबाई दहा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. आता बघू म्हणावं! मी त्यांना हाक मारली.

त्या चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. “चेहरा लई झ्याक आलाय. पर माझं कुंकू कुटं गेलं?”

खरंच, कपाळ कोरं होतं. लाल थरात लाल रंग त्वचेइतकाच उजळ होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोफ्यावर पेपर वाचणारे सासरे वाकून बघायला लागले. “आगं, मी बसलोय की हितं!” म्हणाले आणि हसत सुटले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. मी घाईघाईनं तो लाल थराचा फोटो पुसला.

मग गुपचूप हिरवा थर लावून पाहिला. कुंकू काळंभोर, ठसठशीत. फोटो हुबेहूब नणंदेच्या फोटोसारखा आला. तो दाखवून काय करणार?

तिचा फोटो फ्रेम होऊन हॉलमध्ये लागला. पाहुणे विचारतात तेव्हा सासूबाई कौतुकानं सांगतात, “माझ्या लेकीनं केलाय.” मी चहाचा ट्रे घेऊन उभी असते.

आता रंगीत फोटो मी कुणालाच पाठवत नाही. आधी स्वतः काळा-पांढरा करते, मगच ग्रुपवर टाकते.