ताईंचं ‘नाही’

हॉस्पिटलच्या तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत ताई बसायच्या. कुणाचं काहीही सापडेना झालं की फोन तळघरात. ताई कॉम्प्युटरवर नुसत्या अक्षरांचा काळा पडदा उघडायच्या, शोधायची आज्ञा टाइप करायच्या, पुढे हवा तो शब्द, आणि एंटर. कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीत तो शब्द आहे, ते पापणी लवायच्या आत समोर. लाखो फाइली चाळून त्या यंत्राला कधी कंटाळा आला नाही. तो सगळा ताईंच्या वाट्याला आला होता.

घरीही तेच. लेकीचे मोजे, सासूबाईंचा चष्मा, नवऱ्याची किल्ली. आता घरातसुद्धा चौकशीची पाटी लावून बसू का, असं त्या एकदा वैतागून म्हणाल्या, तर सगळे हसले आणि लेकीने लगेच विचारलं, कात्री कुठंय.

त्या दिवशी सकाळी स्कॅन विभागातल्या डॉक्टरांचा फोन आला. एका आजोबांना दुपारी स्कॅनच्या आधी औषध टोचायचं होतं. त्यांची सून सांगत होती की फार वर्षांपूर्वी इथेच कसल्याशा इंजेक्शनने त्यांना त्रास झाला होता. कसला, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि आजोबांची तर वाचाच गेलेली. तेच औषध असेल तर जिवावर बेतेल, तेव्हा जुनी नोंद बघा, असं डॉक्टरांचं म्हणणं. ताईंनी आजोबांचं नाव टाकलं. सर्दी-खोकले निघाले, इंजेक्शनचं काही नाही. ‘नाही’ म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढचा उचलला.

दुपारी डबा उघडला, तर नवऱ्याचा फोन. किल्ली नाही, अख्खं घर पालथं घातलं म्हणे.

“गॅलरीत बघितलंस?”

“तिकडे कशाला बघू? तिकडे आपण कधी ठेवतो का?”

ताईंचा घास हातातच राहिला.

जुन्या कागदांवरून उतरवून घेतलेल्या नोंदींचं एक फोल्डर होतं. अक्षरं कशीबशी लागलेली, एकेक नोंद दहादा आलेली. काहीही शोधलं की तोच कचरा पडदाभर. वैतागून ताईंनीच कधीतरी यंत्राला सांगून ठेवलं होतं की हे फोल्डर वगळत जा. ते बिचारं सांगितल्या कामाचं. वगळत राहिलं, आणि वगळतोय असं कधी बोललंही नाही. ताई मात्र साफ विसरून गेल्या होत्या.

डबा तसाच टाकून त्यांनी आज्ञा पुन्हा लिहिली, या वेळी काहीच वगळू नको म्हणून. ओळी धो धो येऊ लागल्या. त्या गर्दीत आजोबांचं नाव होतं, आणि पुढे: स्कॅनचं औषध टोचताच श्वास अडकला, पुन्हा देऊ नये.

वरचा फोन कुणी उचलेना. लिफ्टही येईना. कागद छापून घेऊन दुखऱ्या गुडघ्यांनी ताई जिने चढल्या. दार ढकललं तेव्हा सिस्टर आजोबांचा दंड कापसाने पुसत होती. ताईंना धाप लागून शब्द फुटेना, त्यांनी तिचा हातच धरला.

डॉक्टरांनी कागद वाचला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“तुमचं ‘नाही’ म्हणजे नाहीच,” ते म्हणाले. “म्हणून मी पुढे कुणाला विचारलंच नाही.”

सून पुन्हा पुन्हा आभार मानत होती. ताईंना तिच्याकडे बघवेना.

ते फोल्डर त्यांनी त्याच दुपारी परत आत घेतलं. आता काहीही शोधलं की कचरा येतो आणि ताई तो ओळ न् ओळ वाचतात. डोळे चुरचुरतात. फोनवर त्या म्हणतात, मी जिथे बघितलं तिथे नाही. समोरचा वैतागतो, अहो, म्हणजे आहे की नाही ते सांगा ना. त्यातला फरक समजावून सांगण्याचं त्राण ताईंमध्ये उरलेलं नसतं. थांबा, पुन्हा बघते, म्हणतात.