फाटकापाशी थांबणारा बैल

माझी मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत मला अगदी खात्री होती, की तिला स्वतःचा रंग माहीत नाही. रंग तिने माझाच घेतलाय. माझ्या लहानपणी त्या रंगाला घरीदारी जी जी नावं पडली, ती मी इथे लिहीत बसत नाही. पण लग्न होऊन पिपरी मेघेच्या या घरात आले, तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं, की माझ्या पोटी जे येईल त्याच्या कानावर यातलं एकही नाव पडू द्यायचं नाही.

दिवस गेले तेव्हा सासूबाई केशर घातलेलं दूध घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोर बसून वाटीभर जांभळं खाल्ली. त्या कपाळावर हात मारून घेत खाली गेल्या. मुलगी झाल्यावर मालिशवाली बाई पिठाचा गोळा घेऊन आली, अंगावर फिरवला की रंग उजळतो म्हणाली. मी म्हटलं, मावशी, त्याची पोळी करा आणि तुम्हीच खा. घरात जाहीर करून टाकलं, की रंगावरून कोणी चकार शब्द काढला तर त्या दिवशी मी चूल पेटवणार नाही. नवऱ्याला खायला आवडतं, त्यामुळे त्याने ते फार मनावर घेतलं. खाली आमचं जनरल स्टोअर आहे, तिथे गोरं करणारी क्रीमं आहेतच. खपतात म्हणून ठेवतो. पण त्यातली एकही ट्यूब जिना चढून वर आलेली नाही.

माझी मोठी जाऊ गोरी आहे. तिची मुलगी माझ्या मुलीपेक्षा वर्षभराने मोठी, आणि आईसारखीच गोरी. दोघी बहिणी एका ताटात जेवतात, एकमेकींच्या झिंज्या उपटतात आणि पुन्हा गळ्यात गळे घालून झोपतात. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, लेकरांना कुठे काय कळतं? मोठ्यांनी तोंड बंद ठेवलं की झालं. मी स्वतःवर फार खूश होते.

पोळ्याच्या आधी दुकानात लाकडी बैल येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, म्हणजे लेकरांचा पोळा. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात. बायका बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातात बोजारा ठेवतात, म्हणजे एखादी नोट, चॉकलेट, चिप्सचं पाकीट, जे असेल ते. त्या दुपारी बैलांचं खोकं नुकतंच उघडलं होतं. पांढरे रंगवलेले बैल होते आणि काही नुसतं पॉलिश मारलेले, काळपट. मुलगी फरशीवर बसून त्यांची रांग लावत होती. मी माल मोजायचा सोडून बघत बसले, कारण खेळताना ती स्वतःशी बोलते आणि ते ऐकायला मला आवडतं.

पांढरा बैल तिने काउंटरच्या दाराशी नेला. काळपट बैल उचलला आणि साखरेच्या पोत्यामागे ठेवला.

"त्याले काऊन तिकडे ठेवलं वं?" मी विचारलं.

"तो फाटकापाशी थांबते."

"काऊन?"

"त्याले मांगंच थांबा लागते." माझं अज्ञान बघून तिला जरा कीव आली असावी.

विचारू नये ते मी विचारलं. "यातली तू कोणती?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. पोत्यामागे बोट दाखवलं. "अन् ताई हा," म्हणून पांढऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. चेहऱ्यावर दुःख नाही, रुसवा नाही. साबण कुठल्या फळीवर आणि बिस्किटं कुठल्या फळीवर, हे तिला जसं पाठ आहे, तसंच हेही पाठ होतं.

मी हादरले. दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, ते काय मागतंय हे मला दोनदा विचारावं लागलं.

त्यानंतर मी घरात चौकशी समितीच बसवली. कोणीतरी बोललं असणार, त्याशिवाय हे पोरीच्या डोक्यात येणार कुठून? सासूबाई म्हणाल्या, "मी तं काईच नाई म्हटलं बाप्पा, तुह्या धाकानं मी काळ्या मिरीचं नावबी नाई घेत." नवरा म्हणाला, "लाकडाचे बैल होय ते. कायले डोक्स खराब करून राह्यली?" जावेला विचारलं तर ती बिचारी रडायलाच लागली, आणि मग तिला गप्प करण्यात माझी संध्याकाळ गेली. टीव्हीवरच्या जाहिरातींना शिव्या घालून झाल्या. शेवटी मी शाळेत गेले.

तिच्या मिस तरुण आहेत, मनाच्या चांगल्या आहेत. त्यांना माझा प्रश्नच कळेना. "आमच्याकडे सगळी मुलं सारखीच असतात मॅडम," त्या म्हणाल्या. मग माझं समाधान व्हावं म्हणून हसून पुढे म्हणाल्या, "उलट तुमची मुलगी फार समजूतदार आहे. स्नेहसंमेलनाच्या डान्सला मी पोरींना उभं करत होते ना, तर ही आपणहून मागच्या ओळीत जाऊन उभी राहिली. तिला सांगावंसुद्धा लागलं नाही."

सांगावंसुद्धा लागलं नाही. म्हणजे इतर कोणाला तरी सांगावं लागलं होतं. माझ्यासारखी भांडकुदळ बाई त्या दिवशी न भांडताच गेटबाहेर आली.

तान्ह्या पोळ्याला दोघी बहिणींना सारखी हिरवी लुगडी नेसवली, नाकात नथी अडकवल्या. जावेच्या मुलीने पांढरा बैल घेतला होता. माझ्या मुलीने काळपट घेतला, मी तिला हवा तो घे म्हटलं होतं तरी. बैलांच्या गळ्यात घुंगरू, पाठीवर जरीच्या काठाच्या झुली. त्या इतक्या गोड दिसत होत्या, की सासूबाईंनी दोघींवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दरवर्षी त्या दिवशी दुकानात गर्दी असते, म्हणून मी काउंटर सोडत नाही. शेजारच्या मोठ्या मुली या दोघींना फिरवून आणतात. यंदा मी काउंटर नवऱ्याच्या हवाली केलं आणि मीच जाते म्हटलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ नाही लागला.

आमच्या गल्लीत सगळं नीट झालं. इथे सगळे ओळखीचे. प्रत्येक दारात दोघी जोडीने उभ्या राहिल्या, दोघींना सारखं मिळालं. मला हायसं वाटलं. उगाच पराचा कावळा करत होते, असंही वाटून गेलं.

मग आम्ही पलीकडच्या नव्या लेआउटमध्ये गेलो. तिथली घरं बंगलेवजा, माणसं नवीन, आम्हाला कोणी ओळखत नाही. पहिल्या घराशी पोचायच्या आधी मला दुकानातून फोन आला म्हणून मी थोडी मागे राहिले. फोन ठेवून बघते, तर माझ्या मुलीने आपल्या बैलाची दोरी बहिणीच्या हातात दिली होती आणि स्वतः फाटकाच्या खांबामागे, भिंतीला पाठ लावून उभी होती. थकली असेल, असं मला वाटलं. बहीण दोन्ही बैल ओढत आत गेली. दारातली बाई हरखून गेली. "अगं बाई, केवढीशी ती आणि दोन दोन बैल! कोणाची गं तू, गोरीपान?" तिने गालाला हात लावला, घरात जाऊन आणखी काही आणलं आणि दोन बैलांचा म्हणून दुप्पट बोजारा दिला.

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्या घरीही. दोरी देणं, खांबामागे होणं, बाहेर आल्यावर दोरी परत घेणं, सगळं इतकं सफाईने चाललं होतं, की ही या दोघींची नेहमीची रीत आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मग दोघी रस्त्याकडेच्या पुलियावर, म्हणजे नालीवरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसल्या, ओच्यातला खाऊ मधे ओतला आणि तुला एक, मला एक करत वाटून घेतला. कुठे भांडण नाही. दुकानदाराच्या पोरी शोभल्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. आवाज साधा ठेवायला मला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. "हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

त्यांनी अगदी आनंदाने सांगितलं, एकीचं वाक्य दुसरीने पुरं करत. मागच्या वर्षी त्या जोडीने गेल्या होत्या. एका काकूने ताईला मोठं चॉकलेट दिलं आणि हिला गोळी. दुसऱ्या घरी काकूने ताईला विचारलं, ही संगं कोण, तुमच्या कामवालीची पोट्टी का? आणि हिला काहीच नाही दिलं. "मंग आमी आयडिया केली," जावेची मुलगी म्हणाली. "ही मांगं थांबली का मले लय भेटते. मंग आमी सारखं वाटून घेतो. मी चीटिंग नाई करत काकू, विचार हिले."

"नाई करत ताई चीटिंग," माझ्या मुलीने साक्ष दिली.

मी इतके दिवस गुन्हेगार शोधत होते. घरात शोधला, टीव्हीत शोधला, शाळेत शोधला. पोरीला कोणी काही शिकवलंच नव्हतं. तिने बघितलं होतं. दारं उघडताना बघितली, हात पुढे येताना बघितले, आणि जे दिसलं त्यावरून तिने बरोबर हिशोब मांडला. मी तिला चूक म्हणणार तरी कशी? माझ्या डोळ्यांदेखत तीन दारांनी तिला बरोबर ठरवलं होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि तो काढायला समोर होत्या फक्त दोन पोरी, चिप्स खाणाऱ्या.

"आता पुढच्या घरी तू जाजो," मी माझ्या मुलीला म्हटलं. "एकटी. तुहा बैल घेऊन."

"कमी भेटीन मम्मी." तिने मला व्यवहार समजावला.

"भेटू दे कमी."

तिने बहिणीकडे बघितलं. बहिणीने खांदे उडवले. मग माझी पोरगी उठली, लुगडं झटकलं, नथ सरळ केली आणि दोरी धरून चालू लागली. मी तिच्या मागे. घुंगरू वाजत होते, आणि मला वाटलं, चला, एवढं तरी मी केलं. कोपऱ्यावरच्या घराचं फाटक उघडंच होतं. ती आत एक पाऊल टाकून थांबली, वळली आणि मला हाताने खुणावून खाली वाकवलं.

"मम्मी," ती माझ्या कानात म्हणाली, "तू इथं खांबामांगं थांब. तू दिसली तं मले काईच नाई देणार."

मी थांबले. का थांबले, ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्यासारखी बाई, जिने सासूचं केशर परत पाठवलं, ती पाच वर्षांच्या पोरीच्या सांगण्यावरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. उन्हाने भिंत तापली होती. घुंगरांचा आवाज पायरीपर्यंत गेला. दार उघडलं. एका वयस्क बाईचा मायाळू आवाज आला. "ये बाळा. छान सजवला बैल. कोणासोबत आलीस? आई कुठे आहे तुझी?"

"नाई आली," माझी मुलगी म्हणाली. "घरी हाये."

ते ऐकलं आणि माझे पाय आपोआप हलले. मी खांबामागून निघाले आणि फाटकातून सरळ आत गेले. पायरीपाशी त्या बाई निरांजन खाली ठेवून, हातात खाऊ घेऊन वाकल्या होत्या. पावलं ऐकून त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही मला पाहिलं. मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर खोटं पकडलं म्हणून लाजेल. तिने यातलं काही केलं नाही. तिने लगेच माझ्यावरची नजर काढली आणि त्या बाईंच्या हाताकडे लावली, तो पुढे येतो की मागे जातो ते बघायला.

मग मीही तिकडेच बघू लागले.