मिशरीला आम्ही मंजन म्हणायचो

माझ्या बायकोचं तोंड आता नीट उघडत नाही. डाव्या गालाचं आतलं मांस डॉक्टरांनी काढलं आणि तिथं मांडीचं लावलं. बोलते, पण ते मला आणि मुलीलाच कळतं. फोनवर तिची बहीण विचारते, "काय म्हणालीस गं?" मग मी फोन घेऊन सांगतो. हे कशानं झालं ते लिहायला बसलोय. आमच्या ख्रिस्ती मंडळीत व्यसनावर बोलणारे पुष्कळ आहेत, मीही बोलायचो, छाती पुढे काढून बोलायचो. पण आम्ही सगळे बाटलीवरच बोलत राहिलो.

मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं सगळं शिक्षण स्टिअरिंगवर झालं. नगरकडून दिल्लीला आलो, सरकारी खात्यात स्टाफ कारचा ड्रायव्हर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. गाझियाबादला हा फ्लॅट घेतला. नोकरीत असताना ड्रायव्हर लोकांच्या खोलीत पत्ते चालायचे, संध्याकाळी बाटलीही निघायची. मी हात लावला नाही कधी. तिथले लोक मला चिडवायचे, "अरे, क्रिश्चन होके नहीं पीता? सिनेमा में तो तुम्हारे लोग बोतल लेके ही घूमते हैं." मी म्हणायचो, "सिनेमावाल्यांना विचारा, मला काय विचारता?" मला त्याचा फार राग यायचा. अख्ख्या दिल्लीला दाखवून द्यायचं होतं की ख्रिस्ती माणूस कसा स्वच्छ असतो. दारू नाही, बिडी नाही, पान नाही, जुगार नाही. लग्नाला गेलो आणि कोणी ग्लास पुढे केला तर मी तो घ्यायचो नाहीच, वर चार लोकांना ऐकू जाईल असं "नाही" म्हणायचो.

आणि घरात बायको मिशरी लावत होती.

इकडच्या लोकांना मिशरी माहीत नाही. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरून पूड करायची आणि ती बोटानं हिरड्यांना चोळायची. आमच्याकडच्या बायका सकाळी उठल्या की आधी तेच करायच्या. माझी आई करायची, तिची आई करायची. आम्ही त्याला मंजन म्हणायचो. दात घासण्याला कोण व्यसन म्हणतं?

आमच्या घरी सकाळी प्रार्थना असते. मी बायबल उघडून बसलेला, मुलगी शाळेचा ड्रेस घालून बसलेली, आणि बायको अजून बाल्कनीत उकिडवी. बोट फिरतंय हिरड्यांवरून.

"अगं, ये की. पोरीची बस जाईल."

ती हातानंच खूण करायची, थांबा. तोंडात मिशरी असली की बोलता येत नाही. मग थुंकून, चूळ भरून यायची आणि डोक्यावर पदर घेऊन बसायची. चेहरा कसा शांत झालेला असायचा. त्यानंतर आम्ही डोळे मिटायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि मला एकदाही खटकलं नाही. दारुड्याला सकाळचा घोट गेल्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, हे मी मंडळीत उभा राहून सांगायचो. आमच्या घरात देव रोज थांबलेला असायचा, ते मला दिसलं नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आम्ही दोघं कडक उपास करायचो. पाण्याचा घोट नाही. पण निघायच्या आधी ती मिशरी लावायची आणि उपासना संपली की चर्चच्या मागच्या नळावर पुन्हा. मी एकदा नुसतं बघितलं तिच्याकडे, तर म्हणाली, "उपासाला दात घासू नयेत असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही," मी म्हटलं. खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं.

शेजारी एक पंजाबी बाई राहायच्या. बायकोचे दात बघून त्यांनी विचारलं, "भाभीजी, आप क्या लगाती हो?" हिनं हौसेनं चिमूटभर पूड त्यांच्या हातावर ठेवली आणि कसं चोळायचं तेही दाखवलं. थोड्या वेळानं बघतो तर बाई जिन्याच्या पायरीवर बसलेल्या, घामानं चिंब. "हाय रब्बा, सब घूम रहा है! ये मंजन है कि भांग?" मग ओकाऱ्या काढल्या. आम्ही त्यांना लिंबूपाणी दिलं आणि त्या गेल्यावर पोट धरून हसलो. पुढे दर नाताळाला त्या आमच्याकडे यायच्या तेव्हा दारातूनच ओरडायच्या, "करंजी खाऊँगी, मंजन नहीं करूँगी!" आणि पुन्हा सगळे हसायचे. मी सगळ्यात मोठ्यानं. दातांच्या पावडरीनं माणूस जिन्यात आडवा होतो, तर ती पावडर कसली, एवढा विचार मी केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

दिल्लीत मिशरी मिळायची नाही. गावाकडून कोणी येणार असलं की डबा मागवायचा. डबा संपत आला की बायकोचं डोकं दुखायला लागायचं, भांडी आपटायची, मुलीवर ओरडायची. एकदा असाच डबा संपला होता आणि मला साहेबांना घेऊन पानिपतला जायचं होतं. साहेब मीटिंगमध्ये बसले आणि मी बाजारात फिरून तंबाखू शोधला. तिकडे हुक्क्याचा मिळतो, गुळात मळलेला, तो उपयोगाचा नाही. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं आतून साधं पान काढून दिलं. घरी आलो आणि बाल्कनीत स्टोव्ह मांडून मीच भाजलं. जास्त झालं तर राख, कमी झालं तर हिरवट वास राहतो. माझं बरोबर उतरलं. वरच्या मजल्यावरचे लोक ठसका लागून खिडक्या लावत होते. हिनं बोटावर घेऊन बघितली आणि म्हणाली, "अहो, माहेरची पण अशी नसायची." त्या दिवसापासून मिशरी भाजायचं काम माझं झालं. मला त्याचं कौतुक वाटायचं. किती नवरे बायकोसाठी एवढं करतात, असंही मनात यायचं.

मुलगी नर्सिंग शिकली. मैत्रिणींबरोबर दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची. तिनंच पहिल्यांदा म्हटलं.

"मम्मी, हे तंबाकूच आहे. बिल्कुल तंबाकू. कॅन्सर होतो यानं."

"मंजन आहे ते," बायको म्हणाली.

"पप्पा, तुम्ही सांगा ना हिला."

मी म्हटलं, "तुझ्या आजीनं लावली, पणजीनं लावली. त्यांना काय झालं?"

"आजीचे दात तरी राहिले होते का शेवटी?"

"ज्या घरात दारूचा थेंब आला नाही त्या घरात तू व्यसन शोधतेस?"

"पप्पा, दारूचं कोण बोलतंय यार!"

"यार कोणाला म्हणतेस? बाप आहे मी तुझा."

ती न जेवता मुनिरकाला परत गेली. पुढचे काही रविवार आली नाही. बायको म्हणाली, "फोन करा तिला." मी म्हटलं, "तिनं करावा." मी बरोबर होतो, एवढंच मला माहीत होतं. शिकलेली पोरं चार पुस्तकं वाचतात आणि घरच्यांना शिकवायला येतात, असंच मी धरून बसलो.

मग हिला तिखट सोसेनासं झालं. भाजी मिळमिळीत व्हायला लागली. मी ताट सरकवून म्हणायचो, "हे काय आजाऱ्याचं जेवण?" तिच्या गालात आतून पांढरं झालं होतं आणि तिथं आग व्हायची. तिनं काय करावं? त्याच जागी मिशरी दाबून धरायची. "तिथं लावली की दुखायचं थांबतं," म्हणाली. मी म्हटलं, बरंय मग.

शेवटी मुलगीच येऊन धरून घेऊन गेली हॉस्पिटलात. मीही गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तोंडात बॅटरी धरून बघितलं आणि विचारलं, "तंबाकू खाती हैं?"

बायकोच्या आधी मीच बोललो. "नहीं जी. हम क्रिश्चन हैं. हमारे घर में कोई नशा नहीं चलता."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. "पप्पा, मिशरीचं सांगा."

"मंजन लगाती हूँ बस," बायको हळूच म्हणाली.

"कैसा मंजन?"

हिनं पर्स उघडली आणि डबी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी झाकण काढून वास घेतला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माताजी, मंजन पर्स में लेके कौन घूमता है?"

बायकोनं मान खाली घातली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. आयुष्यभर मला एका वाक्यात कोणी गप्प केलं नव्हतं.

कॅन्सरच निघाला. ऑपरेशन झालं. नंतर रोज मशीनखाली किरणांचा शेक द्यायचे, त्यानं तोंड आतून सोलून निघालं. मी घरातली सगळी मिशरी संडासात ओतली. तवाही फेकला. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. टाके निघाले, शेक थांबला, थोडं पातळ खायला लागली आणि तलफ परत आली. एक दिवस माझ्यासमोर बसली आणि त्या नव्या, मोडक्या बोलीत म्हणाली, "थोडी भाजा ना."

"काय बोलतेस?"

"लावणार नाही. नुसता वास घेते."

"नाही."

"इतकी वर्षं तुम्हीच भाजायचात. मग आता का नाही?"

मी चप्पल घालून बाहेर गेलो, पार्कात एक फेरी मारली आणि परत आलो. ती बाल्कनीत त्याच जागी उकिडवी बसली होती आणि नुसतं कोरडं बोट हिरड्यांवरून फिरवत होती. डोळ्यातून पाणी चाललेलं. मला बघून बोट काढलं नाही. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

तिनं सोडली. पुन्हा हात लावला नाही. पण ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. मुलगी रजा काढून येऊन राहिली, तलफ आली की आईला धरून सोसायटीत चक्कर मारायची, बर्फाचा खडा चोखायला द्यायची. मी नुसता दार उघडायचो आणि लावायचो.

शरीर हे देवाचं मंदिर आहे, हे मी लहानपणापासून ऐकलं, आणि ऐकून दुसऱ्यांची मंदिरं तपासत फिरलो. कोण पितो, कोण ओढतो. मला आता वाटतं, देवानं काय काय मना केलंय ते मोजत बसण्यात अर्थ नाही. ज्याच्यावाचून तुझं माझं चालत नाही, जे संपलं की आपण घरच्यांवर ओरडतो, ते आपला धनी झालेलं असतं. मग ते बाटलीत असो की डबीत. दोन धन्यांची चाकरी होत नाही हे बायबलचं वचन आम्हाला पाठ होतं. दुसरा धनी आमच्याच स्वयंपाकघराच्या फळीवर होता. आणि त्याला तव्यावर भाजून मीच तयार करत होतो.

आमची मराठी उपासना दुपारी असते, दुसऱ्या मंडळीच्या चर्चमध्ये. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेतात त्याला, आमच्याकडे प्याला एकच असतो, सगळे त्यालाच ओठ लावतात. आजारानंतर ही यायची, पण प्रभुभोजनाला उठायची नाही. मागच्या बाकावर बसून राहायची.

"माझी लाळ जाईल प्याल्यात," म्हणायची.

आमचे पाळक, म्हणजे पाद्री, तरुण आहेत, मला काका म्हणतात. म्हणाले, "काका, मी घरी येऊन देतो काकूंना. काही अडचण नाही."

"घरी नको," मी म्हटलं. "ती पुढे येईल."

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "नको हो. लोक बघतात."

"बघू देत."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणता हे? तुम्ही?"

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला मी तिला हाताला धरून पुढे नेलंच. हट्टच केला. तो माझा हट्ट बरोबर होता की नाही ते अजून मला कळलेलं नाही. पाळकांनी भाकरीचा अगदी बारीक तुकडा मोडला, द्राक्षरसात बुडवला आणि तिच्या ओठांशी नेला. तोंड उघडेना. त्यांनी तुकडा आणखी मोडला. कसाबसा गेला. रसाचा एक ओघळ हनुवटीवरून खाली आला, पांढऱ्या साडीवर पडला. मी माझ्या शर्टाच्या बाहीनं पुसलं. मागे रांगेत लोक उभे होते.

बाकावर परत येऊन बसल्यावर ती काहीतरी म्हणाली. मी कान जवळ नेला.

"चव लागली नाही," ती म्हणाली. "कशाचीच लागत नाही आता. प्रभूच्या भाकरीचीही नाही."

मला त्या वेळी तिची माफी मागायची होती. शब्द अगदी तोंडाशी आले होते. पण पुढचं गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, आणि मीही तिला उठायला हात दिला.