बंदूक माझीच आहे, साहेब

आमच्या लॉरेल लिक खोऱ्यात व्हर्लिन स्टँपरइतका सभ्य माणूस नाही. याच सभ्यपणानं त्याचा घात केला असं मी म्हणते, तेव्हा त्याची बायको नीव्हा माझ्यावर डोळे वटारते. वटारू दे. जे आहे ते आहे.

खाणीतल्या धुळीनं त्याची फुफ्फुसं खाल्ली होती, आणि एके दिवशी वरचं छत कोसळून पाठही गेली. घरी बसल्यावर त्यानं एकच काम धरलं, लोकांना पोचवायचं. केंटकीच्या या डोंगरात ना बस येते ना टॅक्सी. कुणाला डायलिसिसला जायचंय, कुणाला कोर्टाची तारीख आहे, कुणाला लेकीच्या बाळंतपणाला जायचंय, की व्हर्लिनचा जुना पिकअप ट्रक दारात उभा. पेट्रोल भरून दिलं की झालं. नाही म्हणणं त्याला जमतच नसे. बहिणीच्या मुलाला, टेरिलला, तर नाहीच नाही.

टेरिल म्हणाला, ओहायोत दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. मग पुन्हा जायचंय. मग आणखी एकदा.

"एवढे दात कुणाला असतात रे?" मी व्हर्लिनला विचारलं होतं.

"बहिणीचा पोरगा आहे, लोरीन," तो हसून म्हणाला. "उतरवू का त्याला भर रस्त्यात?"

त्याला काहीच ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. शेवटी शेवटी कळलं होतं, तरी तो गाडी चालवत राहिला. तो गुन्हा त्याचा, आणि तो त्यानं कबूल केला. परतीच्या वाटेवर पोलिसांनी ट्रक अडवला तेव्हा टेरिलच्या पिशवीत मेथचा, त्या नशेच्या पावडरीचा, असा जाडजूड पुडा निघाला की केस थेट फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात गेली. ट्रकच्या मागच्या काचेला टांगलेली व्हर्लिनच्या वडिलांची बंदूकही पोलिसांनी सोबत नेली.

व्हर्लिनची बाजू मांडायला सरकारनं दिलेला वकील गोड बोलायचा. त्यानं कबुलीचा करार पुढे सरकवला. "एवढ्या मालाला दहा वर्षं ठरलेलीच आहेत, त्याच्या खाली न्यायाधीशालाही जाता येत नाही. पण तुझ्या नावावर आधी एकही गुन्हा नाही. अशा माणसासाठी कायद्यानं एक वाट ठेवलीय. तीन-चार वर्षांत घरी येशील." मालाबरोबर हत्यार बाळगलं असं ठरलं की ती वाट बंद होते, हे मात्र या शहाण्यानं सांगितलं नाही. करारात अपिलाचा हक्क सोडल्याचं कलमही होतं. व्हर्लिननं खाली सही केली.

"वाचलंस तरी का?" नीव्हानं विचारलं.

"वकिलानं वाचलंय की. त्याच्यासमोर वाचत बसलो तर त्याला काय वाटेल?"

कबुलीच्या दिवशी आमचं अर्धं चर्च कोर्टात जाऊन बसलं होतं. न्यायाधीश वयस्कर, आवाज मऊ. त्यांनी एकेक प्रश्न विचारला आणि शेवटी बंदुकीवर आले. ती कुणाची?

आता आमच्याकडे माणूस एक वेळ स्वतःचं नाव नाकारेल, पण बापाची बंदूक नाकारणार नाही. व्हर्लिन पाठ दुखत असतानाही ताठ झाला.

"माझीच आहे, साहेब. वडिलांची. माझ्या ट्रकमधून ती कधी हलत नाही."

"कशासाठी?"

"गरज कधी पडेल सांगता येत नाही, साहेब."

आम्ही बाकांवरून कौतुकानं बघत होतो. खारी मारायला, पिसाळलेलं कुत्रं आवरायला, गाडीखाली येऊन तडफडणारं हरीण यातनांतून सोडवायला प्रत्येकाच्या ट्रकात बंदूक असते. त्यात विचारायचं काय? सरकारी वकील मात्र खाली मान घालून लिहून घेत होता, आणि व्हर्लिनचा वकील घड्याळ बघत होता.

पुढचे प्रश्न सरळ होते. वकिलानं सगळं समजावलं ना? हो, साहेब. कुणी धाकानं कबूल करून तर घेतलं नाही, काही आश्वासन दिलं नाही? नाही, साहेब. वकिलाच्या कामावर समाधानी आहात? वकील खांद्याला खांदा लावून उभा होता. चारचौघांत, त्याच्या तोंडावर, त्याची उणीदुणी काढायची?

"चांगला माणूस आहे, साहेब," व्हर्लिन म्हणाला.

काही महिन्यांनी शिक्षा सुनावली तेव्हा त्याचीच वाक्यं त्याला वाचून दाखवली. मालाच्या राखणीला बंदूक ठेवली होती, आणि आरोपीनं ते स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. वाट बंद, दहा वर्षं. टेरिलला सहाच मिळाली, कारण त्यानं वरच्या लोकांची नावं सांगितली. व्हर्लिनकडे सांगायला एकही नाव नव्हतं. पिशवी ज्याची त्याला सहा, आणि गाडी ज्याची त्याला दहा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिथल्या तिथे बोलले असते, पण शिपायानं दाराकडे बोट दाखवलं.

फुफ्फुसाच्या डॉक्टरनं नीव्हाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, दहा वर्षं हा माणूस काढणार नाही. म्हणजे अपील जिंकलं तर तो घरी मरणार, नाही जिंकलं तर तुरुंगात. एवढंच होतं ते.

अपिलाला नवी वकील मिळाली, मिस केसलर. पोरगी प्रामाणिक होती. नीव्हाच्या स्वयंपाकघरात बसून तिनं घेवड्याची आमटी आणि मक्याचा पाव खाल्ला आणि मग खरं सांगितलं.

"अपिलाचा हक्क त्यांनी सोडलाय. आता एकच मुद्दा धरता येईल. आपण काय कबूल करतोय हे त्यांना कळलंच नव्हतं."

"नव्हतंच कळलं!" नीव्हा म्हणाली.

"पण शपथेवर 'कळलं' म्हणालेत ना."

"अगं बाई," मी मध्ये पडले, "न्यायाधीशाला 'नाही कळलं' म्हणतात होय आमच्याकडे? शेजारच्या माणसाची त्याच्यादेखत चहाडी करतात होय?"

"मला पटतंय, मॅम. पण कागदावर फक्त उत्तरं आलीत. तुमची रीत तिथं दिसत नाही."

वरच्या कोर्टानं निकाल द्यायला जवळजवळ वर्ष लावलं. त्याच्या आठवडाभरानंतर मला तुरुंगातून व्हर्लिनचा फोन आला. मधूनमधून खोकत होता.

"लोरीन, पत्र आलंय. फेटाळलं. म्हणे, समजून-उमजून दिलेली कबुली." मग थांबून म्हणाला, "नीव्हाजवळ बोलू नकोस. वकीलबाईलाही तसं सांगितलंय. आशेवर जेवते तरी ती."

मी हो म्हणून फोन ठेवला. दोन दिवसांनी नीव्हा माझ्या दारात आली, तोंड पांढरं पडलेलं. ती गावातल्या वाचनालयात गेली होती, तिथल्या बाईनं कॉम्प्युटरवर निकाल काढून दाखवला होता.

"त्याला अजून ठाऊक नसणार," ती म्हणाली. "तुरुंगात पत्रं महिना महिना पडून राहतात. तू काही बोलू नकोस हं. आशेवर श्वास घेतोय तो."

रविवारी मी तिला भेटीला घेऊन गेले. व्हर्लिनच्या नाकात नळी होती आणि अंगावरचा शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. नीव्हानं भेटीच्या खोलीतल्या नाणी टाकायच्या यंत्रातून त्याच्यासाठी शेंगदाणे आणले आणि समोर मांडले.

"वकीलबाई म्हणतात, अजून वेळ लागेल," ती म्हणाली.

"लागू दे. मोठं कोर्ट आहे, घाईत काही करत नाहीत ते. घरी आलो की आधी पडवीचं छप्पर बघतो."

"छप्पर राहू दे. आधी घेवडा लावू. उशीर झाला तर शेंगा धरत नाहीत."

"छप्पर गळतंय आणि घेवडा कसला लावतेस? लोरीनलाच विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. दोघंही हसत होते, आणि दोघंही घाबरले होते, मी तोंड उघडेन म्हणून.

"आधी छप्पर," मी म्हणाले.