माहूरच्या देवीचे केस आणि हॉकीची फायनल

शुक्रवारी सकाळी शाळेच्या मैदानावर गेम्सच्या सरांनी मला सगळ्या टीमसमोर उभं केलं. म्हणाले, "सोमवार तक बाल कटवा लो, नहीं तो फाइनल में मत आना."

ही जबलपूरची, सी.पी. अँड बेरारच्या दिवसांतली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, मी पंधरा वर्षांचा होतो. आता नव्वदी कधीच ओलांडली... म्हणून मी सांगून राहिलो आणि नात टाइप करून राहिली.

केस खांद्यापर्यंत होते, एकदम सरळ आणि गुळगुळीत. शौक नव्हता हो... मुदतीच्या तापात मी जवळजवळ गेलोच होतो, तेव्हा आईनं माहूरच्या देवीला माझे केस बोलले होते. ते तिथेच जाऊन उतरवायचे. पण वडिलांच्या कारखान्यात लढाईचं काम, माहूरला जायला रजा मिळेना. दीड वर्ष केस वाढतच राहिले.

वर्गात मी मधोमध भांग पाडायचो, मागे गाठ मारून केस टोपीत कोंबायचो. चालून जायचं. मैदानावर मात्र दहा पावलं पळालो की गाठ सुटायची आणि केस थेट डोळ्यांवर... सेमीफायनलला तर समोर आलेला बॉलच दिसला नाही. सरांचंही चूक नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "काप मग. देवीला मी समजावते." पण तिचा चेहरा मला पाहवेना. मी म्हटलं, नाही कापत.

आमच्या टीममध्ये हरबंस होता, सदर बाजारात राहणारा शीख मुलगा. कितीही पळाला तरी त्याचा डोक्यावरचा जूडा, केसांचा अंबाडा, हलायचा नाही. शनिवारी तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं, बीजींनी, माझे केस बोटांतून सोडून पाहिले आणि हसल्या. "ये तो रेशम है! और ऊपर से तेल? मैच के दिन तेल बिलकुल नहीं."

मग त्यांनी शिकवलं. केस धुऊन ओलसर असतानाच विंचरायचे. मान खाली घालून सगळे डोक्याच्या मध्यावर घ्यायचे आणि पीळ द्यायचा... इतका, की तो स्वतःच वेटोळं घालून बसतो. टोक आत खोचायचं, वरून मलमलच्या पट्टीचे दोन फेरे. सरळ केसांत गाठ टिकत नाही, पीळ टिकतो.

संध्याकाळपर्यंत किती वेळा बांधला आणि किती वेळा सुटला, विचारू नका. शेवटी बीजींनी माझं डोकं धरून गदागदा हलवलं... नाही सुटला!

सोमवारी सर बघतच राहिले. मी म्हटलं, "सर, पूरे मैदान का चक्कर लगाता हूँ. एक बाल भी खुला, तो खुद कटवा लूँगा." एक नाही, तीन चक्कर मारले. सरांनी माझी स्टिक माझ्या हातात दिली.

फायनलला पहिल्यांदाच मला सगळं मैदान स्वच्छ दिसत होतं. एक-एक बरोबरी, शेवटची काही मिनिटं... हरबंसनं डावीकडून पास दिला, मी वाकून फिरलो आणि बॉल गोलपोस्टच्या आत! पोरांनी मला उचललं. गर्दीतून सर आले, जूडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "गोल छोड़, ये बता... ये खुला काहे नहीं?"

काही महिन्यांनी मला 'ए बाई' म्हणून चिडवणारे दोघं पट्टी घेऊन आमच्या दारात उभे! त्यांनीही झुलपं वाढवली होती, पण ती काबूत येत नव्हती. शिकवलं... भाव खाऊन शिकवलं.

हिवाळ्यात वडिलांना रजा मिळाली आणि आम्ही माहूरला गेलो. न्हाव्यानं वस्तरा फिरवला, आईनं सगळे केस पदरात झेलले. त्या केसांकडे पाहून म्हणाली, "दिला शब्द पुरा झाला रे बाबू."

बीजी, त्या दिवशी मी मॅच जिंकलो असं सगळे म्हणाले. पण तुमच्यामुळे माझ्या आईला देवीसमोर मान वर करून उभं राहता आलं... माझ्यासाठी तीच खरी जीत.