रक्त गोठायला लागणारा वेळ

लातूरच्या त्या दवाखान्यात रोज सकाळी रक्त घ्यायला येणाऱ्या बाईंना सगळे आपा म्हणायचे. माझ्या लेकीनं डोकं दुखतं म्हणून क्लासच्या परीक्षेच्या दिवसांत गोळ्यांवर गोळ्या घेतल्या होत्या, त्या लिव्हरला भोवल्या आणि तिला तिथं भरती करावं लागलं होतं. सुई टोचल्यावर आपा तिच्याशी नाही, रक्ताशीच बोलायच्या, "ये माय, हळू ये." मग भरलेली नळी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत उभ्या राहायच्या.

तिसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे वाढलेले आकडे उतरले. औशाला घरी फोन लावावा म्हणून मी उठले, तर आपांनी थांबवलं.

"इतक्यात खूश नका होऊ, ताई. लिव्हर पार थकलं तरीबी आकडे उतरतात. रक्त गोठवायचं काम लिव्हरचंच; ते किती वेळात गोठतं, ते बघू."

मला त्यांचा राग आला. पुढचे दोन दिवस मी पाण्याखाली बसल्यासारखी होते. माणसांचे आवाज फार लांबून यायचे.

पाचव्या सकाळी आपा ट्रे न घेताच आल्या.

"रक्त वेळेत गोठाया लागलं, ताई. लिव्हर उठलं हिचं."

लेकीनं डोळे न उघडताच सवयीनं हात पुढे केला. आपांनी तो हातात घेतला आणि तिची बाही हळूच मनगटापर्यंत ओढली.

"आज सुई न्हाई, बेटा. झोप."