संपतचं चाक मधोमध येईना

पलूसला प्रकाशच्या लेथवर काम करणारा एक आणि बसणारे चार. जिथं हे प्रमाण असतं तिथं किस्से लोखंडाच्या किसासारखे साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पायाखाली तेवढेच. त्यातले निम्मे एकट्या संपतच्या मोटारसायकलचे आहेत.

संपत आमचा वर्गमित्र. घरचा ऊस आणि डोक्यात गाड्या. चांगल्या चालत्या गाडीचं मागचं चाक काढून त्यानं तिथं दुसऱ्या मोठ्या गाडीचं रुंद चाक घालायचं ठरवलं. का, तर म्हणे, "मागनं बघ की, कशी दिसंल." गाडी चालवणारा मागून कधी बघणार, हे त्याला कुणी विचारलं नाही.

आता चाक बदललं की त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी बदलतात. त्या फटीत, एक्सलवर, नळीचे तुकडे घालावे लागतात. म्हणजे चाक मधोमध राहतं आणि चेन सरळ पळते. हेच ते स्पेसर. बाजारात ते मिळणार कुठून? अशी गाडी जगात एकच होती! तेव्हा प्रकाशकडून करून घ्यायचे.

तोवर गाडी ओसरीत विटांवर उभी. संपतचे सासरे उंब्रजचे, जिभेनं तिखट. धाकट्या मुलाच्या लग्नाचं आवतण घेऊन आले आणि गाडीकडं बघून म्हणाले, "जावयबापू, लग्नाला ह्याच गाडीवर या. न्हाई जमलं तर लगीन झाल्यावर मीच भंगारवाला घिऊन येतो."

संपतची बायको सुनीता म्हणाली, "आणा आबा, त्याला च्या मी करते."

आम्ही हसलो. संपत हसला नाही. त्या गाडीवर त्याचा खरंच जीव आहे.

*

पहिलं माप त्यानं उसानं घेतलं. फटीत बरोबर बसेल असं उसाचं कांडं कापलं आणि मोठ्या ऐटीत लेथवर आणून ठेवलं. प्रकाश जेवायला गेला होता. बाकड्यावर नाना बसले होते. नाना म्हणजे रिटायर्ड हवालदार, समोर आलेलं काहीही वाया जाऊ न देणारे.

प्रकाश आला तेव्हा बाकड्याखाली चोथा पडला होता.

"आवं नाना, ते माप व्हतं," संपत रडायच्या बेताला आला.

"मग एवढं काय त्यात? लांबी माझ्या ध्यानात हाय. दोन घास."

प्रकाशनं जराही न हसता पेन्सिल कानावरून काढली. "नाना, तुमचा घास किती मिलीमीटरचा धरू?"

*

दुसऱ्यांदा फूटपट्टीनं मोजलं, तुकडे झाले. घट्ट करायचं काम नानांनी अंगावर घेतलं, कारण आर्मीत त्यांनी म्हणे असले नट हजारांनी आवळले होते. संपत म्हणाला, "नाना, चाक अजिबात हलाय नगं."

नानांनी पान्याला पाइप जोडला आणि पाइपला स्वतःला. मग घाम पुसून म्हणाले, "हलवून दाव."

संपतनं हलवलं. हललं नाही. मग त्यानं फिरवलं. फिरलंही नाही. तुकडे आखूड पडले होते आणि बेअरिंग जाम झाली होती.

"हलाय नगं, ही ऑर्डर व्हती," नाना म्हणाले. "फिरायची ऑर्डर कवा दिलीस?"

*

मग निवास आला. निवास विट्याचा, लांबच्या शहरात त्याचं सोनं गाळायचं दुकान आहे. सुट्टीला आला की आमच्यात बसतो आणि आम्हाला शिकवतो. प्रकाशनं नव्यानं केलेला एक तुकडा लांबीला बरोबर होता, पण एक्सलवर सैल पडत होता. तेवढ्याच लांबीचा, पण बारीक भोकाचा दुसरा करायचा होता. निवास म्हणाला, "मापाचं माझ्यावर सोड."

प्रकाश कातत गेला आणि निवास खिशातल्या काट्यावर तोलत गेला. वजन पहिल्या तुकड्याएवढं भरल्यावर त्यानं नवा तुकडा संपतच्या हातात ठेवला. जाड आणि बुटका.

"आरं, ह्यो निम्म्यानं आखूड हाय."

"लांबीचं काय घिऊन बसलायस? ऐवज पुरा हाय."

*

शेवटी प्रकाशनं आम्हा सगळ्यांना शटरबाहेर बसवलं आणि दोन तुकडे नीट केले, डावीकडचा लांब, उजवीकडचा आखूड. संपतनं घरी जाऊन ते उलटे घातले. गाडी चालली, पण तिरकी. पुढचं चाक रस्त्यावर, मागचं मुरमात. टपरीवाले काका बराच वेळ बघत राहिले.

"संपत, पुढं चाललायस का बाजूला?"

"ट्रायल हाय, काका."

"मग ठरीव लवकर. तवर मी बाकडं आत घेतो."

*

लग्नाचा दिवस उजाडला. तुकडे आपापल्या बाजूला गेले होते, पण डावीकडं बारीक फट राहिलीच. गावातली लाइट गेलेली, लेथ बंद. हाताला आलेली एकही वायसर, म्हणजे नटाखालची चकती, एक्सलवर जाईना. सुनीता शालू नेसून दारात उभी.

निवासची नजर संपतच्या बोटावर गेली. त्याच्या स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी. जाड, सपाट, बिनखड्याची.

"सोनं दबतं गड्या," निवास म्हणाला. "फट जेवढी, तेवढंच हून बसतंय. लोखंडाला एवढी अक्कल न्हाई."

संपतनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मग सुनीताकडं पाठ करून अंगठी काढली.

आणि बसली! गाडी कराडवरून हायवेनं उंब्रजपर्यंत सुतात गेली. आम्ही निवासच्या गाडीतून मागं होतो. मागून खरंच झकास दिसत होती, हे कबूल करायला हवं.

मांडवाच्या दारात सासरे गाडीभोवती फिरले. टायर दाबून बघितला.

"आली की," एवढंच म्हणाले.

संपतनं छाती काढून हात जोडले. तिथंच सगळं फसलं. सासऱ्यांना मोकळं बोट दिसलं.

"अंगठी कुठाय?"

संपतनं हात पाठीमागं नेला. सुनीताही वळून बघायला लागली. नानांना खोटं बोलता येत नाही. ते सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या चाकात. डावी बाजू."

सासरे चाकाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ आत बघत राहिले. तेवढ्यात सासूबाई जावयाला ओवाळायला ताट घेऊन आल्या. सासऱ्यांनी न उठताच हात आडवा केला.

"त्येला ऱ्हाऊ दे. हितं ओवाळ. सोनं हितं हाय."